कोरड्याची बहीण

४ मार्च

चि. बोळकीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत कागदांचं बाड पाठवतोय. घाबरू नकोस, अक्षर माझंच आहे, कोंबडीचं नाही. नवव्या आणि शेवटच्या पुस्तकाची ही पहिली सात प्रकरणं. नेहमीसारखी टाइप कर, शुद्धलेखन बघ, आणि जिथे जांभई येईल तिथे समासात फुली मार. दुधाचे दात पडल्यावर मी तुझं नाव बोळकी ठेवलं तेव्हा तू मोठेपणी लोकांच्या कवळ्या करशील आणि वर माझी पुस्तकंही तपासशील, हे काही मला ठाऊक नव्हतं. नाहीतर जरा बरं नाव ठेवलं असतं.

प्रकाशक हात धुऊन मागे लागलाय. कोरड्यांच्या मठाला आता कुलूप घालायचं ठरलंय, पण वाचक ऐकत नाहीत. परवा एका मास्तरांचं पत्र आलं. इतकी वर्षं डोंगरावर बसून वाळूने तलवारी घासणाऱ्या या संन्याशांना तुम्ही एकदा तरी कुणावर प्रेम करू द्या, निदान धाकट्या कोरड्याचं तरी लग्न लावा, असं त्यांचं म्हणणं. मी कळवलं की धाकट्याचं लग्न लावलं तर खिंड कोण राखणार, त्याचा सासरा? पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय की कोरड्याला घर नाही, जिवाचं माणूस नाही आणि डोळ्यांत पाणी नाही. ज्याला हे जमणार नाही त्याने डोंगर चढू नये. यात आता बदल व्हायचा नाही.

ताईचं पोट अजून दुखतं असं लिहिलं होतंस. मागे लागून डॉक्टरकडे ने. माझी बहीण आहे ती, आपणहून जायची नाही. आणि पत्रच लिही. फोन खालच्या सायकलवाल्याकडे आहे, पण पुस्तक होईपर्यंत कुणाचाही फोन आला तरी मला हाक मारू नकोस, असं त्याला बजावलंय.

तुझा
मामा

१५ मार्च

ती. मामास,
नमस्कार.

सात प्रकरणं टाइप झाली. फुल्या फक्त दोन, दोन्ही वादळाच्या वर्णनावर. तुझ्या मठात कुणी मरत नाही, प्रत्येक जण 'सुटतो'. या खेपेला इतके लोक सुटले आहेत की तेवढा एक शब्द टाइप करून माझी बोटं दुखली. तरी दिवसभर मेण आणि प्लास्टर हाताळून बोटं तशीही कामातून गेलेली असतात. सध्या एका आजोबांची कवळी हातात आहे. त्यांना दात अगदी पांढरेशुभ्र हवेत. या वयाला जरा पिवळट शोभतील, असं डॉक्टरांनी समजावलं, तर म्हणाले, मला शोभायचं नाहीये, हसायचंय.

सातव्या प्रकरणाशी मात्र मी अडले. धाकट्याची बहीण खाली गावात आजारी पडते, निरोप पाठवते, आणि तो निरोप्याला पाणी पाजून परत पाठवतो. विचारतसुद्धा नाही की तिला झालंय काय. मामा, हे कशासाठी? त्या दिवशी खिंडीत शत्रू नाही, युद्ध नाही. जाऊन संध्याकाळी परत आला असता. हा नेम मला पहिल्यापासून खटकतो. लहान होते तेव्हा वाटायचं, मोठेपणी पटेल. पटत नाही.

आईला दाखवलं. पोटात गाठ आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करायचं म्हणतात. तिने मला बजावलंय की त्याला कळवू नकोस, त्याचं पुस्तक होऊ दे. मी कळवतेय. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, हे तुला माहीतच आहे. ऑपरेशनला तू आलास तर मला धीर येईल. तिलाही येईल, ती कबूल करणार नाही.

तुझी
बोळकी

२ एप्रिल

चि. बोळकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव थाऱ्यावर राहिला नाही. पण हल्ली गाठीची ऑपरेशनं रोज होतात, डॉक्टर लोक सरावलेले असतात. ताईची प्रकृती मुळात काटक. सगळं नीट होईल. मी आत्ता आलो तर हातातलं प्रकरण मोडेल आणि मोडलेलं प्रकरण पुन्हा सांधत नाही, हे तू इतक्या वर्षांत पाहिलंयस. आठवं संपलं की येतोच.

आता धाकट्याचं. तू म्हणतेस, जाऊन आला असता. गेला असता तर आला नसता, बोळके. ज्याचं एक माणूस खाली गावात आहे त्याला खिंड जिंकून घ्यावी लागत नाही. त्या माणसाच्या गळ्याला सुरी लावली की खिंड मिळाली. एक कोरडा मागे सोडलेल्या बायकोसाठी खाली उतरला आणि मागे अख्खा मठ कापला गेला, हे तिसऱ्या पुस्तकात मी लिहिलंय. तेव्हा तू रडली होतीस, पण नेमाला नावं ठेवली नव्हतीस. सगळ्यांना वाचवायचं तर कुणा एकाचं असून चालत नाही. हे निर्दय वाटतं, पण यात त्यांना स्वतःला काही मिळतं असं थोडंच आहे?

आणि हा नेम माझ्या डोक्यातून निघालेलाच नाही. तो तुझ्या आईचा. आमची आई गेली ती आतल्या खोलीत, हळूहळू. मी नऊ वर्षांचा होतो. आतून तिचं कण्हणं ऐकू यायचं आणि मला घास गिळायचा नाही. एकदा ताईने मला बोळात पाटावर बसवलं आणि सांगितलं, लांब एका डोंगरावर कोरडी माणसं राहतात, त्यांच्या डोळ्यांत पाणीच नसतं, म्हणून त्यांना कुणी हरवू शकत नाही. तू त्यांच्यातला धाकटा. मी जेवलो. पुढेही ते कण्हणं ऐकू आलं की मी धाकटा व्हायचो. आई गेली त्या दिवशी मी रडलो नाही, सगळे म्हणाले, पोरगा धीराचा आहे. माझी सगळी पुस्तकं त्या बोळातून आली आहेत. ताईला विचार, ती सांगेल.

ऑपरेशन झालं की लगेच कळव.

मामा

१९ एप्रिल

ती. मामास,
नमस्कार.

ऑपरेशन झालं. म्हणजे पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. गाठ सगळीकडे पसरली आहे, काढण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले. ते सांगत होते आणि मी त्यांच्या पुढच्या दातांची छटा बघत होते. सवय वाईट. घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडले. आईला सांगितलं नाही, पण तिला कळलंय. काल मला म्हणाली, तुझ्या मालकीणबाईंना सांगून ठेव, तुला मधे सुट्टी लागेल.

तू म्हणालास म्हणून तिला बोळातल्या गोष्टीचं विचारलं. तिला आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, "ते मी त्याला तेवढ्या एका संध्याकाळपुरतं सांगितलं होतं गं. दोन घास पोटात जावेत म्हणून. तेव्हा मला तरी कुठे काय सुचत होतं?" आणि मग भिंतीकडे तोंड करून पडली. आठ पुस्तकं कपाटात समोरच आहेत.

तुझं म्हणणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. मामा, ज्याला कुणाचंच काही वाटत नाही तो खिंड तरी कशाला राखतो? खाली गाव जळलं काय आणि राहिलं काय, त्याला सारखंच. आणि वाटत असेल तर मग तो कोरडा कुठे आहे? मला विचारशील तर तुझे कोरडे शूर नाहीत. त्यांना मरायची भीती नाही, एवढं खरं. पण आपलं माणूस मरताना बघायची त्यांना इतकी भीती आहे की त्यांनी डोंगरावर जाऊन तिला व्रत हे नाव दिलं. हे लिहितेय, कारण आता आडून बोलायला वेळ नाही.

पुस्तक राहू दे. तू ये. तिला तुझी वाट आहे. दारावर थाप पडली की मान वळते तिची.

बोळकी

६ मे

चि. बोळकीस,
आशीर्वाद.

तू धाकट्याला भित्रा म्हणालीस. म्हणजे मलाच. राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं.

मी निघालो होतो. बॅग भरून स्टँडवर गेलो. तिकीट काढलं. गाडी लागली, लोक चढले, कंडक्टरने दोनदा विचारलं, काका, येताय ना? मी बाकावर बसून राहिलो. मला सारखी ती आतली खोली दिसत होती, फक्त खाटेवर ताई. पाय उचलेचना. गाडी गेली. हे मी कुणाला सांगितलं नसतं, तुला सांगतोय, आणि ताईला सांगू नकोस.

परत येऊन शेवटचं प्रकरण लिहून काढलं. सोबत आहे. तुला आवडणार नाही. निरोप्या डोंगर चढून येतो आणि सांगतो, "तुझी बहीण सुटली." धाकटा मान हलवतो, मूठभर वाळू घेतो आणि तलवार घासायला लागतो. एवढंच. याहून वेगळं काही मला लिहिता येत नाही. मी खूप प्रयत्न केला.

ताईला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. तिला म्हणावं, मी लवकर येतो.

मामा

१७ मे

मामा,

आईला परवा पुन्हा हॉस्पिटलमध्ये हलवलं. ताप उतरत नाही. उतरला तर घरी सोडू, म्हणतात. मी तिच्याजवळच असते, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून हे लिहितेय. शेवटचं प्रकरण मिळालं. तिने वाचून दाखवायला सांगितलंय.

बोळकी

२४ मे

मामा,

आई काल सकाळी सुटली. आता काही त्रास नाही. घरात शेजारची माणसं आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. तू ये.

बोळकी

३१ मे

चि. बोळकीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझ्या चार ओळी वाचल्या आणि खाली जाऊन सायकलवाल्याला चहा पाजला. माझी बहीण हॉस्पिटलमधून सुटली म्हणून सांगितलं, तर त्याने पाना खाली ठेवून माझा हात हातात घेतला. मी म्हणत नव्हतो ती काटक आहे? ताप उतरला, त्रास नाही, घरी आली, शेजारीपाजारी बघायला येतायत. आता त्या गर्दीला आवर घाल, नाहीतर ताई उठून त्यांच्यासाठीच चहा टाकत बसेल. तिला उठू देऊ नकोस. तिची ती जुनी शाल काढ, पंख्याचं वारं तिला सोसत नाही.

दोन महिने छातीवर धोंडा घेऊन फिरत होतो तो उतरला. तुला वाटलं असेल, मामा दगड आहे. दगडाला झोप तरी लागते. आता खरंच येतो. ती घरी आहे, हिंडती फिरती होईल, मग मला काही अवघड नाही. शेवटच्या प्रकरणाची माझ्याकडची प्रत प्रकाशकाला देतो आणि जूनअखेरीला पोहोचतो.

शेवटचं प्रकरण ऐकून ती काय म्हणाली? शिव्या दिल्या असतील. त्या शब्दशः कळव, बऱ्याच दिवसांत तिच्या शिव्या खाल्ल्या नाहीत.

तुझा
मामा

९ जून

मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावरून येऊन उंबऱ्यातच बसले होते. तिथेच उघडलं. आधी वाटलं, तू थट्टा करतोयस. मग वाटलं, तुला वेड लागलंय. मग कळलं.

आई गेली, मामा. २३ तारखेला सकाळी, नर्स चादर बदलत असताना. मी 'सुटली' लिहिलं कारण 'मेली' हा शब्द माझ्या हातून उमटेना. तुला तो शब्द समजेल याची मला शंकासुद्धा आली नाही. नऊ पुस्तकांत तू तेवढा एकच शब्द मरणासाठी वापरलास. महिनाही झाला नव्हता, तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, 'तुझी बहीण सुटली'. जगात कुणीही ते पत्र चुकीचं वाचलं असतं तरी चाललं असतं. तू कसं वाचलंस? आम्ही दहा दिवस तुझी वाट पाहिली. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, भाऊ आले का? मी म्हणायचे, लांब राहतो, निघाला असेल. आणि तू सायकलवाल्याला चहा पाजत होतास.

मला तुझ्यावर ओरडावंसं वाटतं आणि ओरडायलाही अंगात काही उरलं नाही. काल मेणात दात बसवताना एका बाईच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. मालकीणबाईंनीच तो सुधारला. संध्याकाळी कुलूप उघडताना मी अजून हाक मारते. रोज. मग आत जाऊन दिवा लावते आणि काय करायचं ते सुचत नाही.

शेवटच्या प्रकरणाचं विचारलंस. तिने वाचायला लावलं म्हणून दुपारी वाचायला बसले. आवाज बारीक ठेवला होता, शेजारच्या खाटेवर पेशंट होता. खिंड झाली, वारा झाला, निरोप्या चढून आला. पुढची ओळ मला दिसत होती. खाटेवर पडलेल्या माझ्या आईला मी ती ओळ वाचून दाखवू शकले नाही. मी कागदाकडे बघतच भलतं वाचायला लागले. निरोप्या म्हणाला, तुझी बहीण आजारी आहे, तुझी वाट बघतेय. धाकट्याने तलवार वाळूत तशीच टाकली आणि तो उतरायला लागला. उतरताना त्याच्या पायांना फोड आले, जुनी वाट सापडेना, एका धनगराला त्याने गाव विचारलं. मला लिहिता येत नाही, तुला माहीत आहे, जे तोंडाला आलं ते सांगत गेले. आईचे डोळे मिटलेले होते. मधेच म्हणाली, "हे त्याचं नाही."

मी म्हटलं, थांबू का?

"नको," ती म्हणाली. "वाच."

म्हणून मी वाचत राहिले.

बोळकी

३ जुलै

बोळके,

पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण काय लिहू? मला यायला हवं होतं, हे आता लिहून कुणाला उपयोग? तो शब्द मी चुकून चुकीचा वाचला नाही. मला जसा हवा होता तसा वाचला. पोस्टमनने पाकीट हातात दिलं, मी ते उघडलं आणि माझी ताई घरी आणली. पंधरा दिवस ती माझ्या डोक्यात घरी होती, शाल पांघरून. तुझं पत्र आल्यावर मी रडेन असं वाटलं होतं. नाही आलं रडू. बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो, तोंडावर पाणी मारलं, आरशात बघितलं. काही नाही. नऊ वर्षांचा असताना ताईने बसवलेलं झाकण आता माझ्याने उघडत नाही.

प्रकाशकाकडून प्रकरण परत मागवलं. त्याने पुष्कळ आदळआपट केली. मी म्हटलं, शेवट चुकलाय. वाद माझा तुझ्याशी होता आणि त्यात मी हरलोय, पण हरल्याचं सांगायला ज्या माणसाकडे जायला हवं ते माणूस नाही. तेव्हापासून रोज बसतो. धाकट्याला डोंगरावरून खाली आणतो. गावात आणतो. बहिणीच्या दारापाशी उभा करतो. तो थाप मारतो, ती दार उघडते, आणि तिथे माझा हात थांबतो. त्याने तिला काय म्हणावं? या पुस्तकांत मी सेनापतींना पानपानभर भाषणं करायला लावली, आणि या एका माणसाला एक वाक्य सुचत नाही. काही लिहिलं की खोटं वाटतं. खोडतो. कागदाला भोक पडेपर्यंत खोडतो.

म्हणून तुला विचारतो. तू वाचत राहिलीस असं लिहिलंयस. म्हणजे तो तुझ्या गोष्टीत दारापर्यंत पोहोचला असणार. दार उघडल्यावर तो काय बोलला? जे तोंडाला आलं असेल ते तसंच लिहून पाठव. मी पुस्तकात घालणार नाही. मला फक्त कळायला हवं. आणि मग, तू हो म्हणालीस तर, मी तुझ्याकडे यावं म्हणतो. तुला मी नको असेन तर तसं लिही, मला राग येणार नाही.

मामा

११ जुलै

मामा,

तो काही बोलला नाही.

मी त्याला दारापर्यंत आणलं, तिने दार उघडलं, आणि आता त्याच्या तोंडी काय घालू म्हणून मी अडखळले. तेवढ्यात आईने डोळे उघडले. तापाने ओठ फुटले होते, नीट बोलता येत नव्हतं, पण शब्द स्वच्छ होते. म्हणाली, "त्याला बोलायला लावू नकोस. त्याला जमायचं नाही ते. नुसतं आत घे."

मी आत घेतलं. बहिणीने त्याला आत घेतलं, एवढंच वाचलं, आणि कागद मिटले. तिला झोप लागली. त्यानंतर तिने काही वाचायला सांगितलं नाही.

तू येऊ का म्हणून विचारतोस. ये म्हणायला हवं, हे मला कळतं. तिने मला जे सांगितलं ते तुझ्याबद्दल होतं, हेही कळतं. पण दार उघडणारी आता मी आहे. दोन दिवस झाले, हे पत्र समोर घेऊन बसले आहे आणि आपण आईसारखं करू असं मला काही केल्या वाटत नाही.

बोळकी